मदत हवी आहे: दवाखान्यातली पाऱ्याची बीपी यंत्रं नागपुरात कुठे द्यावी?

मानेवाड्याकडे आमचा छोटा फॅमिली दवाखाना आहे, खाटा नाहीत. डिजिटल मशीन घेतल्यावर पाऱ्याची तीन बीपी यंत्रं आणि थोडे थर्मामीटर उरलेत. त्यातला एक फुटका आहे. त्याचा पारा प्लास्टिकच्या घट्ट बरणीत, पाण्याखाली ठेवलाय. बाकी सगळं शाबूत आहे, पण एप्रिल-मेच्या उन्हात बंद खोलीत ते ठेवायची भीती वाटते. उष्णतेनं पाऱ्याची वाफ जास्त होते.

बायोमेडिकल कचऱ्याची नोंदणी आहे, गाडी नियमित येते. पिवळी, लाल पिशवी, सुयांचा पांढरा डबा, काचेचा निळा डबा सगळं नेतात, पाऱ्याला मात्र नाही म्हणतात. पिवळ्या पिशवीत लपवून टाकणार नाही, कारण ती भट्टीत जळते आणि पारा हवेत जातो. भंगारवाला न्यायला तयार आहे, पण तो यंत्र फोडून पारा नालीत ओतेल. दुसऱ्या दवाखान्याला वापरायलाही द्यायचं नाही. विक्रेत्यानं बदल्यात घ्यायला नकार दिला.

रीतसर खर्च द्यायची तयारी आहे, फक्त पावती हवी.

नागपुरात किंवा विदर्भात एवढा थोडा पारा घेणारी अधिकृत घातक कचरा संस्था कुणी प्रत्यक्ष वापरली आहे का? आणि तोवर शाबूत यंत्रं उभी ठेवावी की आडवी?