सांगोल्याच्या डाळिंब बागांवरील शोधनिबंध आंतरराष्ट्रीय जर्नलला पाठवायचा आहे. जर्नल कसे निवडावे?

प्रश्न
संशोधक प्राध्यापिका, सूक्ष्मजीवशास्त्र, सोलापूर

मी सोलापुरातील एका संलग्न महाविद्यालयात शिकवते आणि त्याचबरोबर पीएच.डी.चे काम करीत आहे. सांगोला आणि मंगळवेढा तालुक्यांतील डाळिंब बागांमधून तेल्या रोगाचे जिवाणू वेगळे करून, ज्या बागांत वर्षानुवर्षे ताम्रयुक्त औषधांच्या फवारण्या होत आल्या आहेत तिथल्या जिवाणूंची तांब्याबद्दलची सहनशीलता वाढली आहे का, हे मी तपासले. प्रयोगशाळेतील काम संपले असून, जुन्या फवारणीच्या बागांतील जिवाणू तांब्याच्या अधिक मात्रेतही वाढतात असे स्पष्ट दिसते. शेतकऱ्यांच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे, कारण तेल्या आला की ‘भगवा’ वाणाच्या डाळिंबाची अख्खी बाग हातची जाते आणि फवारणीवरचा खर्च वाढतच राहतो.

आता शोधनिबंध लिहायचा आहे. रोज ईमेलवर निरनिराळ्या आंतरराष्ट्रीय जर्नलांची निमंत्रणे येतात. त्यांतल्या एकाने सात दिवसांत प्रकाशनाची हमी देऊन काही हजार रुपये शुल्क सांगितले आहे. काही सहकाऱ्यांचे मत असे की, सोलापूर जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांचे काम बाहेरचे चांगले जर्नल घेणार नाही, तेव्हा जे मिळेल ते घेऊन मोकळे व्हावे. माझे मन त्याला तयार होत नाही. जर्नल खरे की खोटे हे कसे ओळखावे, शुल्क द्यावेच लागते का, आणि स्थानिक विषयावरचे काम खरोखरच कमी प्रतीचे मानले जाते का, याबद्दल अनुभवी व्यक्तींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
ग्रंथपाल, सोलापूर

मॅडम, सात दिवसांत प्रकाशनाची हमी हाच त्या जर्नलविरुद्धचा पुरावा आहे. संपादकाने निबंध वाचणे, त्या विषयातले दोन-तीन परीक्षक शोधणे, त्यांनी वेळ काढून अभिप्राय लिहिणे आणि लेखकाने त्यानुसार सुधारणा करणे, एवढे सगळे एका आठवड्यात होऊ शकत नाही. हमी द्यायची तर परीक्षण वगळावेच लागते. असा व्यवसाय किती मोठा होऊ शकतो हे पाहायचे असेल, तर हैदराबादच्या ओमिक्स या जर्नल-प्रकाशक समूहाविरुद्ध अमेरिकेतील न्यायालयाने 2019 मध्ये दिलेला निकाल वाचावा. संशोधकांची दिशाभूल केल्याबद्दल त्यात पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश झाला होता.

पूर्वी आपल्याकडे यूजीसी-केअर ही विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य जर्नलांची यादी पाहून निर्णय घेण्याची सवय होती. ती यादी यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केल्याचे जाहीर केले आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर सोपवली. मला हा बदल अवघड पण योग्य वाटतो, कारण यादीत नाव आहे एवढ्यावर विसंबून जर्नलचा एकही अंक न उघडता निबंध पाठवण्याची प्रथा पडली होती. मात्र आता तपासणी आपणच करायची असल्यामुळे कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचे, हे माहीत असले पाहिजे.

आयएसएसएन क्रमांक हा नियतकालिकाच्या केवळ नोंदणीचा क्रमांक आहे; त्यावरून दर्जा ठरत नाही, तरीही निमंत्रणपत्रांत तो ठळक अक्षरांत मिरवलेला असतो. जर्नलमधल्या निबंधांचा इतरत्र सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो हे दाखवणारा, इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून जो आकडा संशोधनविश्वात ओळखला जातो, तो क्लॅरिव्हेट ही संस्था दरवर्षी प्रसिद्ध करते. ‘ग्लोबल’, ‘सायंटिफिक’ अशी विशेषणे लावून दुसऱ्या कोणी दिलेल्या आकड्यांना त्याची जागा घेता येत नाही. ‘स्कोपसमध्ये समाविष्ट’ असा दावा असेल, तर स्कोपस या निबंध-सूचीची जर्नलांची यादी वर्गणी न भरताही पाहता येते. तिथे नाव शोधावे आणि समावेश अजून चालू आहे की मध्येच थांबवला आहे, हेही पाहावे. ओपन अ‍ॅक्सेस (सर्वांना मोफत वाचता येणारे) जर्नल असेल तर डीओएजे या अशा जर्नलांच्या निर्देशिकेत त्याची नोंद आहे का, ते तपासावे.

याहून फसवा प्रकार म्हणजे एखाद्या जुन्या, प्रतिष्ठित जर्नलचे नाव आणि आयएसएसएन उचलून उभे केलेले बनावट संकेतस्थळ. यादीत नाव सापडते, म्हणून संशोधक निश्चिंत होतो आणि पैसे भलतीकडेच जातात. त्यामुळे ईमेलमधील दुव्यावरून कधीही जाऊ नये. प्रकाशकाच्या मूळ संकेतस्थळापासून सुरुवात करून जर्नलपर्यंत पोहोचावे. याच्या उलट, नामांकित प्रकाशकाची छाप आहे म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवणेही बरे नाही. वायली या मोठ्या प्रकाशकाने 2021 मध्ये विकत घेतलेल्या हिंदावी या प्रकाशनसंस्थेच्या जर्नलांतून 2023 या एका वर्षात आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले.

वाचनाबद्दल एक माहिती देतो. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना 2025 पासून लागू असून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नले तिच्यात आहेत. आपले महाविद्यालय तिच्या कक्षेत येते की नाही हे प्राचार्य कार्यालयात विचारावे. येत नसल्यास केगावला सोलापूर विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन तिथे बसून वाचण्याची सोय होते का, याची चौकशी करावी.

उत्तर २
निवृत्त प्राध्यापक, वनस्पतिरोगशास्त्र

ग्रंथपालांनी खोटे जर्नल कसे टाळावे हे सांगितले आहे. खरे जर्नल कसे सापडते, हे मी सांगतो. त्यासाठी जर्नल सुचवणाऱ्या संकेतस्थळांची फारशी गरज नाही. तुमच्या प्रबंधाची संदर्भसूची समोर घ्या. ज्या निबंधांच्या आधाराने तुम्ही प्रयोग आखलात, ज्यांच्या निष्कर्षांशी तुमचे निष्कर्ष ताडून पाहणार आहात, ते कोठे छापले गेले याची नोंद करा. दोन-चार नावे पुन्हा पुन्हा येतील. तुमचा वाचक तिथे आहे. त्या जर्नलांचे गेल्या दोन वर्षांतले अंक चाळा आणि मगच लिहायला बसा, कारण निबंधाची लांबी, प्रस्तावनेचा विस्तार, आकृत्यांची पद्धत हे सारे जर्नलनुसार बदलते. आधी निबंध लिहून मग त्याच्यासाठी जर्नल शोधणारा संशोधक बहुधा थकून शेवटी ईमेलमधल्या निमंत्रणाकडे वळतो.

स्थानिक काम कमी प्रतीचे असते, या मताशी मी अजिबात सहमत नाही. नमुने सांगोल्याचे असले तरी प्रश्न सांगोल्यापुरता नाही. तेल्याचा जिवाणू झँथोमोनास कुळातला आहे आणि याच कुळातल्या जिवाणूंमध्ये तांब्याला दाद न देण्याचा गुण फ्लोरिडातील टोमॅटो-मिरचीवर आणि अर्जेंटिनातील लिंबूवर्गीय बागांत काही दशकांपूर्वीच नोंदवला गेला आहे. त्या भागांतील संशोधकांना डाळिंबाशी देणेघेणे नसेल, पण तांब्याचा सततचा वापर कोरडवाहू पट्ट्यातल्या फळबागेत काय घडवतो, हे त्यांना नक्की जाणून घ्यायचे आहे. तुमच्या प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद ‘सोलापूर जिल्हा डाळिंबासाठी प्रसिद्ध आहे’ असा सुरू झाला, तर संपादक पुढे वाचेलच असे नाही. तो तांब्याच्या सहनशीलतेपासून सुरू होऊ द्या, इतर पिकांत काय आढळले ते सांगा, डाळिंबाबाबत कोणती माहिती उपलब्ध नाही ते दाखवा, आणि मग या प्रश्नासाठी सांगोला-मंगळवेढ्याच्या बागा का योग्य आहेत ते लिहा. एकाच वाणाची सलग लागवड आणि फवारणीचा दीर्घ इतिहास ही तुमच्या क्षेत्राची जमेची बाजू आहे. ती पार्श्वभूमीत ढकलू नका.

आता परीक्षक काय विचारतील ते आधीच पाहून ठेवा. किती बागा, त्या कशा निवडल्या, आणि कमी फवारणीच्या बागा तुलनेसाठी घेतल्या का, हा पहिला प्रश्न असेल. फवारणीचा इतिहास केवळ शेतकऱ्याच्या सांगण्यावरून घेतला असेल तर तसे स्पष्ट लिहा. दुकानाच्या पावत्या किंवा निर्यातीसाठी ठेवलेल्या नोंदी मिळाल्या असतील, तर त्यांचा उल्लेख आवर्जून करा. नमुने मृग बहारातले की हस्त बहारातले, म्हणजे कोणत्या हंगामात धरलेल्या फुलोऱ्याच्या पिकातले, हेही सांगायलाच हवे, कारण पावसाळ्यात रोगाचा जोर वेगळा असतो आणि परदेशातील परीक्षकाला बहार ही पद्धतच ठाऊक नसते. त्याला ती दोन वाक्यांत समजावून द्या. तांब्याची मात्रा जिवाणू वाढवण्याच्या कोणत्या माध्यमावर तपासली, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. पोषक घटकांनी समृद्ध माध्यमात तांबे बांधले जाते आणि जिवाणू आहे त्यापेक्षा अधिक सहनशील भासतो. या एका कारणावरून निबंध परत आलेले मी पाहिले आहेत. जिवाणूंची ओळख डीएनए अनुक्रमावरून पटवली असेल, तर ते अनुक्रम जेनबँक या सार्वजनिक संग्रहात जमा करून त्यांचे क्रमांक निबंधात द्या. निवडक जिवाणू चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहात किंवा पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात ठेवता येतात का ते पाहा. जिवंत जिवाणू परदेशी सहकाऱ्याला परस्पर पाठवू नका. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली त्यासाठी परवानगी लागते.

शुल्काबद्दल बराच गैरसमज आहे. वर्गणीवर चालणारी जर्नले साधारणपणे लेखकाकडून प्रकाशनशुल्क घेत नाहीत. निबंध सर्वांना मोफत वाचायला खुला ठेवायचा असेल, तरच शुल्क लागते. ‘युरोपियन जर्नल ऑफ प्लांट पॅथॉलॉजी’ किंवा भारतीय वनस्पतिरोगशास्त्र संस्थेचे ‘इंडियन फायटोपॅथॉलॉजी’ ही दोन्ही स्प्रिंगरतर्फे निघतात आणि दोन्हींत लेखकाला हा पर्याय निवडता येतो. स्वीकृतीनंतर येणाऱ्या अर्जात ओपन अ‍ॅक्सेसचा पर्याय आधी दाखवलेला असतो, तेव्हा तो भरताना घाई करू नका. आणखी एक सूचना करतो. केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या गावातच आहे. तिथल्या वैज्ञानिकांना मसुदा दाखवण्याची विनंती करायला संकोच करू नका. परदेशी परीक्षकाच्या हाती जाण्याआधी डाळिंब जाणणाऱ्या माणसाने तो वाचलेला असावा.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

दोन्ही सरांचे मनःपूर्वक आभार. माध्यमाचा मुद्दा फार मोलाचा आहे. मी समृद्ध आणि साधे अशी दोन्ही माध्यमे वापरली होती, परंतु त्यांतील फरक प्रबंधात केवळ तळटीपेत दिला होता. आता तो मुख्य तक्त्यात घेते. आणखी तीन शंका आहेत. प्रयोगात सहभाग नसलेल्या एका वरिष्ठांचे नाव लेखक म्हणून घालावे, असा आग्रह होत आहे. माझे इंग्रजी साधे आहे, त्याचा अडथळा होईल का? आणि पीएच.डी.साठी निबंध प्रकाशित असणे सक्तीचे आहे की नाही, याबद्दल प्रत्येक जण वेगळे सांगतो, त्यामुळे किती थांबता येईल तेच कळत नाही.

उत्तर ३
अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका, सोलापूर

माझा विषय यंत्रमाग कामगारांचा आहे, पण या तिन्ही शंका सर्व शाखांत सारख्याच आहेत.

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते. यूजीसीच्या 2016 च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रकाशित असणे आवश्यक होते. 2022 च्या नियमांतून ती सक्ती वगळण्यात आली. परंतु विद्यापीठे स्वतःचे नियम करू शकतात आणि आपली नोंदणी कोणत्या वर्षीची आहे यावरही काही गोष्टी अवलंबून असतात, म्हणून विद्यापीठाच्या संशोधन विभागाकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी उत्तरावर विसंबून कोणी घाईने पैसे भरून निबंध छापला, हे ऐकले की मला फार वाईट वाटते, कारण तो निबंध पुढे आयुष्यभर त्या संशोधकाच्या नावावर राहतो.

लेखकांच्या नावांबाबत वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष आता इतर शाखांतही मानले जातात. संशोधनाच्या आखणीत किंवा माहितीच्या संकलन-विश्लेषणात भरीव सहभाग, लेखनात किंवा मसुद्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेण्याची तयारी, या चारही गोष्टी असतील तरच लेखक. आपल्याकडे वरिष्ठांना थेट नकार देणे किती कठीण असते हे मी जाणते. त्यांच्यासमोर जर्नलचा अर्ज ठेवावा. अनेक जर्नले प्रत्येक लेखकाने नेमके काय केले ते लिहून मागतात. त्या रकान्यात काय लिहावे, असे अदबीने विचारले की बोलणे वैयक्तिक पातळीवर जात नाही. प्रयोगशाळा उपलब्ध करून दिली असेल, तर ऋणनिर्देशात त्यांचा सन्मानाने उल्लेख जरूर करावा.

साध्या इंग्रजीचा अडथळा होत नाही, संदिग्ध इंग्रजीचा होतो. लहान वाक्ये लिहा आणि एक संज्ञा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच ठेवा. भाषेसाठी चॅटजीपीटीसारखे साधन वापरले, तर बहुतेक मोठे प्रकाशक ते निबंधात नमूद करायला सांगतात. अशा साधनाला लेखक म्हणून नाव देता येत नाही, आणि त्याने सुचवलेला प्रत्येक संदर्भ मूळ निबंध उघडून तपासल्याशिवाय घेऊ नये, कारण अस्तित्वात नसलेले निबंधही ते खऱ्यासारखे देते. मजकूर दुसरीकडून उचलला आहे का हे पाहणाऱ्या साम्य तपासणीत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार दंड नाही, पण जर्नलचे संपादक केवळ टक्केवारी पाहत नाहीत. कार्यपद्धतीच्या भागात जुळलेली वाक्ये आणि चर्चेच्या भागात उचललेला परिच्छेद यांत ते फरक करतात.

निबंध एका वेळी एकाच जर्नलला पाठवावा. संपादकाने परीक्षणाला न पाठवताच परत केला, तर ते बहुधा जर्नलच्या व्याप्तीमुळे असते; त्याच आठवड्यात पुढच्या जर्नलच्या पद्धतीनुसार बदलून पाठवावा. परीक्षकांचे लांबलचक आक्षेप आले, तर उलट आनंद मानावा, कारण मोठी सुधारणा सुचवणारे पत्र म्हणजे नकार नव्हे. कोणीतरी निबंध अक्षर न् अक्षर वाचला आहे. प्रत्येक आक्षेप जसाच्या तसा उतरवून त्याखाली काय बदल केला आणि तो कोणत्या ओळीत आहे ते लिहावे. परीक्षकाचे म्हणणे पटत नसेल, तर आधार देऊन तसे नम्रपणे सांगता येते, आणि पुष्कळदा संपादक ते मान्य करतात. माझ्या यंत्रमागावरच्या निबंधात, नमुना केवळ सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या कारखान्यांचा का, असे एका परीक्षकाने विचारले होते. त्या भागातील तेलुगुभाषक पद्मशाली विणकरांची वस्ती आणि तिथे एकवटलेले माग यांची माहिती चार ओळींत दिल्यावर तो आक्षेप मिटला.

पाठवण्यापूर्वी ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक काढून घ्या, तो विनामूल्य मिळतो. पत्रव्यवहारासाठी महाविद्यालयाच्या ईमेलबरोबर कायम राहणारा वैयक्तिक ईमेलही द्या, कारण परीक्षण काही महिने चालते आणि मधल्या काळात नोकरी बदलली तर संपादकांचे पत्र आपल्यापर्यंत पोहोचत नाही.