मदत हवी आहे: गावात मोफत वायफाय येतंय, नगरपरिषदेकडे नेमकं काय मागावं?

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपरिषदेच्या गावात राहते. इथल्या सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका मी आणि दोन मैत्रिणी मिळून चालवतो. चाळीस खुर्च्या आहेत. परीक्षांच्या दिवसांत सतरंज्या टाकून आणखी दहा-पंधरा मुलं बसतात. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभेपुढे 'शहरात मोफत वायफाय' हा विषय येतोय. आमच्या प्रभागाच्या नगरसेविका घरी येऊन म्हणाल्या, "ताई, मी बोलेन, पण मला दोन पानांचं टिपण करून द्या. कुणी उलट प्रश्न केला तर उत्तर देता आलं पाहिजे." म्हणून हा धागा.

आधीचा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी गावात सहा ठिकाणी वायफायच्या पेट्या बसल्या होत्या. चौकात, बागेत, एसटी स्टँडवर. उद्घाटनाला मंडप होता. तीन-चार महिने बरं चाललं. पावसाळ्यात एक पेटी बंद पडली, ती बघायला कुणी आलं नाही, आणि वर्षभरात सगळ्याच गेल्या. ठेकेदार म्हणायचा बिल थकलंय, कार्यालय म्हणायचं सेवाच मिळाली नाही. स्टँडवरची पाटी अजून तशीच आहे. बाहेरगावचं माणूस ती वाचून मोबाइल काढतं आणि थोड्या वेळानं परत खिशात टाकतं. ते पाहिलं की मला फार वाईट वाटतं.

सभेत पहिला प्रश्न येणार तो असा: आता नेट स्वस्त झालंय, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, मग कशाला? यावर माझ्याकडे आकडे नाहीत, अभ्यासिका आहे. आमच्याकडे एक मुलगी येते, पीएसआयची तयारी करते. वडील भाजीच्या टेम्पोवर चालक. घरात स्मार्टफोन एकच, तो वडिलांबरोबर वाशीच्या मार्केटला जातो. आई साधा फोन वापरते. ही मुलगी मैत्रिणीच्या मोबाइलवर चालू घडामोडी बघते आणि वहीत उतरवून घेते. जी मुलं स्वतःचा मोबाइल आणतात, त्यांचा रोजचा दीड जीबी दोन व्याख्यानं आणि एक सराव परीक्षा झाली की संध्याकाळी सहालाच संपतो. सीईटीचे फॉर्म, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, हॉल तिकीट, सगळं ऑनलाइन. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या दिवसांत तर बायका आमच्या पायरीवर बसून पोरांना विचारायच्या, "बाळा, तुझं नेट जरा देतोस का?"

आता माझ्या अडचणी. सगळ्या गावाला वायफाय मागावं की मोजक्या जागा मागाव्यात, इथेच मी अडले आहे. देखभालीचा खर्च ठरावात कसा लिहून घ्यावा हेही कळत नाही. आणि मला सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे ओटीपी. मोफत वायफायला मोबाइल नंबर टाकावा लागतो. त्या मुलीचा ओटीपी जाणार वडिलांच्या फोनवर, आणि वडील खंबाटकी घाटात गाडी चालवतायत. म्हणजे ज्यांच्यासाठी हे करायचं, नेमक्या त्यांनाच दार बंद. यावर काही रस्ता आहे का?

कुणी या कामात असेल तर कृपया लिहा. अगदी लहानशी माहितीही चालेल.

— अभ्यासिका_ताई

तारवाला:

ताई, मी नेटवर्क टाकण्याचीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर.

लोकांना वाटतं वायफाय म्हणजे खांबावरची पेटी. पेटी हा त्यातला सोपा भाग. पेटीपर्यंत येणारी फायबर, चोवीस तास वीज, आणि बंद पडल्यावर येणारा माणूस, या तीन गोष्टींवर सगळं उभं असतं. रेल्वे स्थानकांवरचं वायफाय आठवा. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गूगल आणि रेलटेल या रेल्वेच्याच दूरसंचार कंपनीनं सुरू केलं, जून २०१८ पर्यंत ४०० स्थानकं झाली. ते इतक्या झपाट्यानं पसरलं, कारण रेलटेलची फायबर रुळांच्या कडेनं आधीपासून होती. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलनं हात काढून घेत असल्याचं जाहीर केलं, तरी सेवा बंद पडली नाही. रेलटेलनं चालू ठेवली आणि पुढे ६,००० च्या वर स्थानकांवर नेली. तेव्हा तुमच्या गावात फायबर आज कुठपर्यंत आली आहे ते आधी बघा. नगरपरिषद इमारत, ग्रामीण रुग्णालय, स्टँड, वाचनालय. जिथे आली आहे तिथूनच सुरुवात मागा.

चौकात आणि बागेत पेटी लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. उघड्यावर ऊन, पाऊस, विजा, माकडं, सगळ्यांचा मार खाते. शिवाय चौकात उभं राहून कुणी अभ्यास करत नाही. भिंतीच्या आत लावलेली पेटी वर्षानुवर्षं टिकते. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल लांब जातो, पण एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. बाजारपेठेत प्रत्येक दुकानाचा राऊटर त्याच तिघांवर बोंबलत असतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंत आली की दमतो. तुमच्या चाळीस खुर्च्यांच्या खोलीला खोलीतच दोन चांगल्या पेट्या लावा, दोन्हीवर ५ गिगाहर्ट्झ चालू ठेवा. १०० एमबीपीएसची लाइन चाळीस जणांत वाटली तर प्रत्येकी अडीच येतात. व्याख्यानाचा व्हिडिओ मध्यम दर्जाला ठेवला तर तेवढ्यात व्यवस्थित चालतो. प्रत्येकाला वेगाची मर्यादा घाला, नाहीतर एक जण सिनेमा उतरवतो आणि बाकीचे बघत बसतात. बॅटरी बॅकअप राऊटरला आणि फायबरच्या डब्यालाही हवा. दुसरा नेहमी विसरला जातो.

कृष्णाकाठ:

ताई, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण मी विरोधात लिहितोय. आमच्या गावात पाणी एक दिवसाआड येतं. गटारं उघडी आहेत. सार्वजनिक शौचालयात दिवा नाही. नगरपरिषदेच्या कर्मचाऱ्यांचा पगार वेळेवर होत नाही. अशा वेळी वायफाय हा खर्च मला पटत नाही. पैसा शेवटी घरपट्टीतूनच येतो. ज्याला गरज आहे त्याला रिचार्जचे पैसे द्या, स्वस्त पडेल.

अभ्यासिका_ताई:

@कृष्णाकाठ, दादा, पाण्याच्या आधी वायफाय असं मीही म्हणणार नाही. सहा पेट्यांचा खर्च पुन्हा व्हावा असंही मला वाटत नाही. पण रिचार्ज देऊन त्या मुलीचा प्रश्न सुटत नाही, कारण तिच्याकडे फोनच नाही. तिला लागते एक खुर्ची, एक जुना संगणक आणि त्याला जोडलेली लाइन. शिवाय जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या मोबाइल कंपन्यांनी एकदमच दर वाढवले. ज्या घरात तीन भावंडं शिकतायत तिथे दर अठ्ठावीस दिवसांनी तीन रिचार्ज येतात. आम्ही वाचनालयात वर्तमानपत्रं ठेवतो तेव्हा कुणी म्हणत नाही की ज्यानं त्यानं घरी विकत घ्यावं. आज नोकरीची जाहिरात वर्तमानपत्रात कमी आणि संकेतस्थळावर जास्त येते. मला हे वाचनालयाचंच काम वाटतं.

डेलावेअरकर:

पूर्ण शहराला वायफाय मागावं का, यावर मी राहतो तिथली गोष्ट सांगतो. मी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या जवळ राहतो. या शहरानं २००५ मध्ये या कामासाठी अर्थलिंक कंपनीची निवड केली होती. शहराचा सगळा पसारा, सुमारे ३५० चौरस किलोमीटर, वायफायनं झाकायचा. दिव्यांच्या खांबांवर पेट्या बसल्या. घरच्या जोडणीला महिना साधारण २० डॉलर, गरीब कुटुंबांना त्याच्या निम्मे. पण खांबावरचा सिग्नल इथल्या विटांच्या घरांत नीट शिरेना. गिऱ्हाइकं अपेक्षेइतकी मिळाली नाहीत आणि २००८ मध्ये कंपनी बाहेर पडली. सॅन फ्रान्सिस्कोची तशीच योजना २००७ मध्ये सुरू होण्याआधीच बारगळली होती.

आणि त्याच फिलाडेल्फियात वाचनालयांचं मोफत वायफाय आजही चालतं. संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावरसुद्धा मुलं पायऱ्यांवर लॅपटॉप घेऊन बसलेली मी पाहिली आहेत. तुमच्या पायरीवरच्या बायकांचं वाचलं आणि तेच डोळ्यांपुढे आलं. माझं मत मोजक्या जागांच्या बाजूनं आहे, आणि त्या जागा आधीच उघड्या असणाऱ्या, कुणीतरी माणूस बसलेल्या हव्यात.

खुर्ची_क्रमांक_७:

ताई, मी तुमच्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या गावात चार वर्षं अभ्यासिकेत काढली, आता नोकरीत आहे. एक आठवण लिहितो. २०१८ मध्ये एर्नाकुलम स्थानकावरच्या एका हमालाची बातमी आली होती. ओझी वाहताना कानात इअरफोन, स्थानकाच्या वायफायवर उतरवलेली व्याख्यानं, आणि तो केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास झाला. ती बातमी आम्ही अभ्यासिकेच्या फळ्यावर चिकटवली होती. टिपणात जरूर घाला, नगरसेवकांना आकड्यांपेक्षा असं पटतं.

नियमवाला:

कायद्याच्या बाजूनं थोडं.

पंतप्रधान-वाणी योजना बघून ठेवा. केंद्रीय मंत्रिमंडळानं ९ डिसेंबर २०२० ला मंजूर केली. जुने पिवळे पीसीओ आठवतात ना, कल्पना तीच. किराणा दुकान, चहाची टपरी, कुणीही 'पब्लिक डेटा ऑफिस' उघडून वायफाय देऊ शकतं, परवाना लागत नाही, नोंदणी शुल्कही नाही. हिशेब आणि लॉगिन सांभाळायला वेगळी मध्यस्थ कंपनी असते. योजना मंद चालली, त्यातलं एक कारण असं की इंटरनेट कंपन्या अशा छोट्या दुकानदारांकडे घरगुती ब्रॉडबँडऐवजी कितीतरी महाग लीज्ड लाइनचा (फक्त एकाच ग्राहकासाठी राखलेल्या लाइनचा) आग्रह धरायच्या. जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं यावर मर्यादा घातली: २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर जोडणीला अशा केंद्राकडून किरकोळ दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही. वाचनालयाला हे लागू करून घेता येईल. स्टँडवर एखाद्या उपाहारगृहवाल्यालाही उभं करता येईल, म्हणजे तिथला भार नगरपरिषदेवर पडणार नाही.

ओटीपीचं. ही अट येते सुरक्षेच्या कारणानं. दूरसंचार विभागाच्या २००९ च्या सूचनांमध्ये वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवायच्या दोन वाटा दिल्या होत्या: मोबाइलवर एसएमएसनं पासवर्ड, किंवा फोटो असलेल्या ओळखपत्राची प्रत ठेवून घेऊन वापरकर्ता-नाव देणं. सगळे ठेकेदार पहिली वाट धरतात, कारण ती त्यांना सोपी. तुमच्याकडे तर सभासद नोंदवही आहे, ओळखपत्राच्या प्रती आहेत. करारातच लिहून घ्या की वाचनालयाच्या सभासदाला ग्रंथपाल लॉगिन देतील. सेवा पुरवणाऱ्याकडून हे निविदेच्या आधी लेखी कबूल करून घ्या, नंतर 'आमच्या सिस्टिममध्ये बसत नाही' असं उत्तर मिळतं.

आणि मुलींचे नंबर कुठे जातात हेही विचारा. लॉगिनसाठी घेतलेला नंबर जाहिरातीला वापरायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, ही ओळ करारात हवीच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही याच दिशेचा आहे. कुणी 'नेट ही चैन आहे' म्हणालं तर केरळ उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१९ चा निकाल दाखवा. वसतिगृहात मुलींच्या मोबाइल वापरावर बंधन घातलं होतं, त्या प्रकरणात न्यायालयानं इंटरनेट मिळणं हे शिक्षणाच्या हक्काचा भाग मानलं. फहिमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य या नावानं सापडेल.

तारवाला:

नियमवाल्यांना अनुमोदन. ओळखपत्रावरून लॉगिन देणारी यंत्रणा अवघड नाही, आम्ही लॉजमध्ये तशीच बसवतो.

देखभालीचं राहिलं होतं. निविदा 'बसवणे' या कामाची काढूच नका, 'तीन वर्षं चालू ठेवणे' या कामाची काढा. रक्कम एकदम न देता दर तिमाहीला द्या आणि तीही जितके दिवस सेवा चालू होती तितक्याच दिवसांची. चालू होती की नाही हे ठेकेदारानं नव्हे, ग्रंथपालांनी रोज वहीत लिहायचं. बंद पडल्यापासून ४८ तासांत माणूस आला नाही तर कपात. मागच्या सहा पेट्यांचं जे भांडण झालं ते होणारच होतं, कारण सेवा चालू होती का याची नोंद कुणाकडेच नव्हती.

कृष्णाकाठ:

एवढं सगळं लेखी होणार असेल आणि जागा दोन-तीनच असतील तर माझा विरोध मागे. वाचनालय आणि ग्रामीण रुग्णालय घ्या. रुग्णालयात माझ्या आईच्या वेळी कागदपत्रं पाठवायला मला रात्री दोनला रस्त्यावर जाऊन रेंज शोधावी लागली होती. ते मी आधी लिहायला हवं होतं.

अभ्यासिका_ताई:

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, रुग्णालय माझ्या मनात नव्हतं, आता पहिल्या पानावर घेते.

आज सकाळी केबलवाल्यांना विचारून आले. फायबर नगरपरिषद इमारतीत आहे, रुग्णालयात आहे, आणि वाचनालयापासून दोनशे पावलांवर शाळेच्या कोपऱ्यापर्यंत आली आहे. टिपणात असं लिहिलंय: पहिल्या वर्षी वाचनालय आणि रुग्णालय, दोन्ही इमारतींच्या आत. वाचनालयात दोन संगणक. तीन वर्षांचा चालू ठेवण्याचा करार, तिमाही बिल, रोजची वही. सभासदांना ओळखपत्रावरून लॉगिन. स्टँडवरची जुनी पाटी काढून टाकावी, हेही लिहिलं आहे.

एकच गोष्ट अजून हवी आहे. कुठल्या नगरपरिषदेनं वाचनालयाच्या इंटरनेटसाठी अंदाजपत्रकात दरवर्षीची तरतूद केली असेल, तर तो खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवतात? मुख्याधिकारी साहेब हेच विचारणार असं नगरसेविका सांगत होत्या. कुणाकडे तशा ठरावाचा मसुदा असेल तर नावं झाकून इथे टाकाल का? सभा सोळा तारखेला आहे, टिपण मला बारापर्यंत द्यायचंय.