आधी भुवया वर करायला सांगा

तोंड वाकडं झालं म्हणजे मेंदूत गुठळीच, असं अनेकांना वाटतं. दर वेळी तसं नसतं. चेहरा हलवते ती मेंदूतून निघणारी सातवी नस, फेशियल नर्व्ह. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळते, ओठांकडच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. म्हणून ओठ ओढलेला, पण आठ्या दोन्हीकडे सारख्या पडल्या, तर बिघाड मेंदूत समजा आणि तडक हॉस्पिटल गाठा. कपाळही गुळगुळीत राहिलं, डोळा मिटेना, तर बहुधा बेल्स पाल्सी, म्हणजे याच नसेच्या बिघाडाने चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं. बहुधाच, कारण पॉन्समधला (मेंदूच्या खोडाचा एक भाग) पक्षाघाताचा झटका असाच दिसू शकतो. हातपाय लुळे किंवा एकाचे दोन दिसत असतील तर घरी थांबू नका.

बेल्समध्ये ही नस कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोगद्यात सुजून आवळते. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव आणि स्टेपिडियस स्नायूची (कानातला, मोठा आवाज दाबणारा छोटा स्नायू) फांदी तिच्याच, त्यामुळे जेवण बेचव आणि भांडं पडलं तरी कानात कळ. चावणं शाबूत, ते पाचव्या नसेकडे. घास गालात साचतो तो गाल ढिला पडल्याने.

स्टिरॉइड ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. मसाजपेक्षा डोळा सांभाळा: दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर टेप. नाहीतर बुबुळ सुकून जखम होते.