घराण्यात जुळी असतील तर आपल्याला जुळी होण्याची शक्यता किती?

निशिगंध:
माझे वय २९ आहे. आम्ही दोघे आता मुलाचा विचार करत असल्यामुळे घरात एक विषय वरचेवर निघतो. माझे आजेसासरे जुळे होते आणि ते दोघे भाऊ इतके हुबेहूब दिसत की एकाच्या वाट्याच्या छड्या दुसऱ्याने खाल्ल्याची गोष्ट अजून सांगितली जाते. जुळे एक-दोन पिढ्या सोडून परत येते, असे सासूबाईंचे ठाम मत आहे. माझ्या माहेरी थोरल्या मावशीला मुलगा आणि मुलगी अशी जुळी आहेत. गेल्या आठवड्यात मी फणीतले जोडकेळे सोलायला घेतले, तर सासूबाईंनी ते हळूच काढून घेऊन नणंदेच्या मुलाच्या हातावर ठेवले. केळ्याचे सोडून देऊ. पण सासरी आणि माहेरी अशी दोन्हीकडे जुळी असतील तर शक्यता खरोखर वाढते का, आणि वाढत असल्यास किती?

शरीरशास्त्राची शिक्षिका:
आधी जुळ्यांचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत, कारण घराण्याचा संबंध जवळजवळ एकाच प्रकाराशी आहे. एका फलित बीजाचे सुरुवातीच्या दिवसांत दोन भाग होऊन होणारी जुळी ती एकबीज. ती जगात सगळीकडे हजार बाळंतपणांमागे सुमारे चार या प्रमाणात होतात आणि सहसा आनुवंशिक नसतात. आपले आजेसासरे बहुधा याच प्रकारातले, त्यामुळे त्यांचा हिशेब इथेच मिटतो.

द्विबीज जुळ्यांमध्ये एकाच मासिक चक्रात दोन स्त्रीबीजे सुटतात आणि दोन्ही फलित होतात. मुलगा-मुलगी अशी जोडी असली की ती याच प्रकारची समजायची. दोन बीजे सुटण्याची ही प्रवृत्ती मात्र रक्तातून येते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तिचा संबंध एफएसएचबी आणि स्मॅड३ या जनुकांशी आढळला. पहिले जनुक बीजे वाढवणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाच्या निर्मितीशी निगडित आहे आणि दुसरे त्या संप्रेरकाला बीजकोश कसा प्रतिसाद देतो याच्याशी.

बीजे स्त्रीच्या शरीरात तयार होतात, म्हणून गरोदर होणाऱ्या स्त्रीचे माहेर मोजायचे, सासर नव्हे. पतीकडे ती जनुके असली तरी पत्नीच्या बीजकोशावर त्यांचा परिणाम होत नाही. पण तो ती आपल्या मुलीला देऊ शकतो आणि तिला जुळी होऊ शकतात. पिढी सोडून येण्याची समजूत बहुधा यातूनच निघाली असावी, कारण मध्ये मुलगा आला की परंपरा दिसेनाशी होते.

आता आकडा. द्विबीज जुळी झालेल्या स्त्रीच्या सख्ख्या बहिणीला तशीच जुळी होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट असते. भारतात हजार बाळंतपणांमागे जुळ्यांची नऊच्या आसपास असतात. त्यातली एकबीज चार वजा केली की पाच उरतात आणि त्यांची दुप्पट दहा. म्हणजे सख्ख्या बहिणीलासुद्धा एकबीज चार धरून सगळे मिळून हजारात चौदा. भाचीचे नाते त्याहून दूरचे, तेव्हा आपला आकडा याच्याही खाली राहील.

दुपारचा चहा:
हिशेब पटला, तरी एक शंका आहे. माझ्या आत्याला जुळी आहेत आणि माझ्या पत्नीलाही जुळ्या मुली झाल्या, अगदी वेगळ्या चेहऱ्यांच्या. पत्नीच्या माहेरी मात्र कोणालाच जुळी नाहीत. हा निव्वळ योगायोग म्हणायचा का?

शरीरशास्त्राची शिक्षिका:
आत्याचा संबंध नाही, एवढे नक्की. पत्नीला तो वारसा तिच्या वडिलांकडून, म्हणजे कोणाला न दिसता, आलेला असू शकतो. बाळंतपणाच्या वेळी त्यांचे वय किती होते, हेही पाहावे; पस्तिशीनंतर एफएसएच वाढते आणि एकाऐवजी दोन बीजे सुटण्याचे प्रमाणही वाढते.

दुपारचा चहा:
सदतीस.

जावळ्यांची आई:
वरचे सगळे बरोबर आहे, पण घरच्या आठवणींवर फार विसंबू नये, असे मला अनुभवाने वाटते. माझ्या दोन मुलांच्या वारा (प्लॅसेंटा) वेगवेगळ्या होत्या, म्हणून ती एकबीज नाहीत, असे आम्हाला सांगण्यात आले होते. पुढे डीएनए तपासणीत ती एकबीजच निघाली. एकबीज जुळ्यांपैकी साधारण एक तृतीयांश जोड्यांच्या वारा स्वतंत्र असतात, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. दुसरे असे की मावशींनी बीज वाढवण्याचे काही उपचार घेतले होते का, हे विचारून पाहा. क्लोमिफेनच्या गोळ्यांनी गर्भ राहिलेल्या स्त्रियांत शंभरातील साधारण पाच ते दहा जणींना जुळी होतात, आणि त्या गोळ्यांचा वारसा भाचीकडे येत नाही. जुळी असल्यास अकरा ते चौदा आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार एक की दोन हे चांगले कळते. ती तपासणी चुकवू नका, कारण एकाच वारेवरच्या बाळांवर अधिक बारीक लक्ष ठेवावे लागते.

निशिगंध:
सर्वांचे आभार. काल मावशीला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की लग्नानंतर सहा वर्षे काहीच होत नव्हते, त्यामुळे चार महिने गोळ्या घेतल्या होत्या. ही गोष्ट तिने माझ्या आईलाही कधी सांगितलेली नाही. त्यामुळे माझ्या माहेरचा हिशेबही बहुधा मिटला. सासूबाईंना यातले आजेसासऱ्यांपुरतेच सांगितले आहे, आणि त्यांना ते अजिबात पटलेले नाही.