'अग्निपथ' (१९९०): मास्तरांना मारलं गावाने, मग सूड एकट्या कांचाचा का?

सागरिका_पेण
मुकुल आनंद यांचा 'अग्निपथ' काल पुन्हा पाहिला आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना. कांचा चीनाला मांडव्यात स्मगलिंगचा अड्डा हवा असतो, मास्तर दीनानाथ चौहान आडवे येतात, म्हणून त्यांच्यावर बाईचं किटाळ आणलं जातं. इथवर कारस्थान. पण जीव कोण घेतं? गाव. ज्यांची पोरं मास्तरांकडे शिकत होती तेच लोक. मास्तरांचा मुलगा विजय (बच्चन) मात्र पुढे आयुष्यभर कांचाच्या मागे आणि गाव त्याला परत हवंय. गावाबद्दल राग कसा नाही? पटकथेत हे राहून गेलंय की मुद्दाम केलंय?

अरभाट
मला यात फार खोल काही वाटत नाही. सूडाच्या सिनेमाला समोर एक माणूस लागतो. जमावाला चेहरा नसतो, बच्चन हाणामारी कुणाशी करणार? आणि डॅनीसारखा कांचा मिळाल्यावर गावाकडे बघायला वेळ कुणाला आहे!

शाळेच्या_बाई
अरभाट, नाही पटलं. मी रोह्याच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, निवृत्त होईपर्यंत. लहान गावात मास्तराकडे अब्रूखेरीज दुसरं काही नसतं. ती घालवायला एक कुजबुज पुरते. हे कांचाला नेमकं ठाऊक आहे, म्हणून तो स्वतःचे हात मळवत नाही. आधी मास्तरांवरचा विश्वास मारतो, बाकीचं गाव करतं. माझ्या लेखी खरा खुनी तोच.

आणि सागरिका, विजय स्वतःचं नाव कसं सांगतो ते आठव. बापाचं नाव, आईचं नाव, गाव मांडवा, सगळं एका दमात. गाव त्याच्या नावातच आहे गं. त्याचा सूड तो कसा घेणार?

पण मला या सिनेमात सगळ्यात मोठी वाटते ती आई. नवरा गावाने मारला, तरी सुहासिनी कुणाचं रक्त मागत नाही. उलट मुलगा जेवायला बसतो तेव्हा त्याला हात धुवून यायला सांगते. त्या जेवणाच्या प्रसंगात ती आवाज चढवत नाही आणि एवढा मोठा गुंड तिच्यासमोर लहान होतो. रोहिणी हट्टंगडी बच्चनपेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, हे तो प्रसंग बघताना जाणवतसुद्धा नाही. फिल्मफेअर मिळालं त्यांना या भूमिकेसाठी, आणि मिळायलाच हवं होतं. विजयने गावावर हात उचलला असता तर या बाईने त्याला दारात उभं केलं नसतं.

धक्क्यावरचा
बाईंशी सहमत. २०१२ च्या सिनेमात करण मल्होत्राने नेमकी हीच जागा बदलली आहे. तिथे मास्तरांवर विद्यार्थिनीवर बलात्कार करून खून केल्याचा आळ येतो, गाव खवळतं, पण झाडाला फास लावतो तो कांचा स्वतः. शेवटी विजय त्याला त्याच झाडाला लटकवतो. हिशेब चोख, त्यामुळे सागरिकाचा प्रश्न तिथे उरतच नाही. म्हणूनच मला तो कमी लागला. ऋषी कपूरचा रौफ लाला मात्र जबरदस्त! जुन्यात हे पात्रच नव्हतं.

जाता जाता: २०१२ च्या सिनेमातलं मांडवा बरंचसं दीवला चित्रित झालंय. ते पाहून लोक मांडव्याला बेट समजतात. तसं नाहीये. गेटवेहून लाँचने मांडवा जेट्टीला उतरा, तिथून अलिबाग वीसेक किलोमीटर, सरळ रस्ता.

सागरिका_पेण
बाई, नावाचा मुद्दा एकदम पटला, माझ्या लक्षात आला नव्हता. तरी एक खटकतंच. विजय गावाला माफ करतो असं धरलं, तरी गावाने मान खाली घातलेली मला बघायची होती. मास्तरांच्या घरासमोर एखाद्या म्हाताऱ्याने नुसतं येऊन उभं राहायचं, एवढं पुरलं असतं. सुहासिनीला ते मिळायला हवं होतं.

शाळेच्या_बाई
हो, तेवढं देणं लागत होतं गाव तिचं.