हंबकर पिकअपवर धातूचे कव्हर बसवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या लेस पॉल धाटणीच्या गिटारवरील दोन्ही हंबकर (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणारे, दोन कॉइलचे पिकअप) उघडे आहेत आणि त्यांवर कव्हर बसवायचे आहे. पितळी कव्हरात एडी करंट (धातूत फिरणारे विद्युतप्रवाह) अधिक निर्माण होऊन आवाजातील झळाळी मंदावते, म्हणून मी निकेल सिल्व्हरचीच (तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रधातूची) कव्हरे घेणार आहे. नेककडील पिकअपच्या पहिल्या व शेवटच्या पोलमधील (तारांखालच्या चुंबकीय खुंट्यांमधील) अंतर ४९.२ मिमी, तर ब्रिजकडील पिकअपचे ५२ मिमी भरते, त्यामुळे कव्हरातील पोलच्या छिद्रांच्या मापाचा प्रश्न सुटला आहे.

खरी चिंता मेणाची आहे. कव्हर आणि कॉइल यांच्यामध्ये मेणाने न भरलेली पोकळी राहिल्यास जास्त गेनवर (अॅम्प्लिफायरने संकेत खूप वाढवल्यावर) पिकअप शिट्टी मारू लागतो. मात्र माझ्या कॉइल आधीच मेणात बुडवलेल्या असल्याने, कव्हरात थोडे वितळलेले पॅराफिन ओतून त्यात पिकअप दाबून बसवणे पुरेसे ठरेल, की संपूर्ण पिकअप पुन्हा मेणात बुडवावा लागेल?

शिवाय, अर्थिंगसाठी कव्हर बेसप्लेटला (पिकअपच्या तळाच्या धातूच्या पट्टीला) दोन्ही बाजूंनी सोल्डर करताना प्लेट बरीच उष्णता शोषून घेते. कॉइलच्या बारीक तारेला धक्का न लागता हे काम उरकण्यासाठी किती वॅटचे सोल्डरिंग आयर्न आणि कोणते टोक वापरावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.