घरात एक लॅपटॉप, चौघे रांगेत: काय घ्यावं?

आळशी_कासव
नमस्कार मंडळी,
घरात २०१७चा एक लॅपटॉप आहे, विंडोज १०वाला. मी त्यावर हिशेबाचं काम करतो. थोरली नववीत आहे, तिचे ऑनलाइन तास आणि प्रकल्प असतात. धाकटा पाचवीत, त्याला तो 'अभ्यासासाठीच' हवा असतो (असं तो म्हणतो). बायको आठवड्यातून दोन दिवस घरून काम करते. तिला ऑफिसचा लॅपटॉप आहे, अडचणीच्या वेळी तोच मुलीला देतो. आमचा लॅपटॉप चालू करून आंघोळीला गेलं तर परत येईपर्यंत गोल फिरतच असतं.
परवा बायकोची मीटिंग, मुलीचा तास आणि माझी महिनाअखेर एकाच वेळी आली. पुढचं इथे लिहीत नाही.
नवा लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप? मुलांना टॅब पुरेल का?

पेचकस
खरेदीला निघण्याआधी टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्क कुठली, रॅम (कामापुरती मेमरी) किती ते सांगा. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये फिरती हार्डडिस्क आणि ४ जीबी रॅम असायची. तसं असेल तर प्रोसेसर बिचारा निर्दोष आहे. त्या डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे मारते आणि विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली तिच्यावर इकडेतिकडे शोधाव्या लागतात. एसएसडी म्हणजे चिपवरची डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच. एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाकली की तुमची आंघोळ वाचेल. फक्त काही मॉडेलांत रॅम बोर्डावरच जोडलेली असते, ती बदलता येत नाही. आधी पाहून घ्या.

विंडोज १०ची नेहमीची मोफत सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाली. विंडोज ११ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. आडमार्गाने ११ बसवता येतं, पण ज्यावर लोकांचे हिशेब आहेत त्या मशीनवर मी तो उद्योग करणार नाही. मुलांसाठी मात्र त्याच लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) छान चालेल. पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, आधी चालवून बघता येतं. कॅमेरा, माइक, वायफाय तिथेच तपासा.

खडू_फळा
मी शिकवते, म्हणून फक्त टॅबबद्दल. बघायला, वाचायला उत्तम. लिहायला नको. मोबाइल-टॅबवर लिहिलेले निबंध मला लगेच ओळखू येतात. अर्धा पडदा कीबोर्ड खातो, मागचं काही दिसत नाही, म्हणून मुलं एकच गोष्ट दोनदा लिहितात आणि परिच्छेद वरखाली करायच्या भानगडीत पडत नाहीत. खऱ्या कीबोर्डावर बसलेलं मूल खोडतं, हलवतं, पुन्हा वाचतं. माझ्या मते घरातल्या कॉम्प्युटरने अभ्यासाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही खोडायची सोय आहे, माहितीचा साठा नव्हे.
अवांतर: धाकट्याला आत्ताच इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगची कीबोर्ड-मांडणी) शिकवा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. लहान मुलं पटकन उचलतात, आपण कुरकुरतो.

रात्रपाळी
ऑफिसचा लॅपटॉप मुलीला देणं आजपासून बंद करा. आमच्या चिरंजीवांनी माझ्या ऑफिसच्या मशीनवर कुठल्याशा गेमची फाइल उतरवली आणि अर्ध्या तासात आयटीवाल्यांचा फोन. तो लॅपटॉप आपला नसतो, आपल्याकडे असतो.
दुसरं, मीटिंगमध्ये आवाज तुटतो तेव्हा दोष नेहमी कॉम्प्युटरचा नसतो. आपला चेहरा आणि आवाज बाहेर जातो तो अपलोडवर, आणि लोक डाउनलोडचाच आकडा बघून कनेक्शन घेतात.

जुनं_खोड
१९८२च्या कमोडोर ६४ला ६४ केबी मेमरी होती, आज मोबाइलवरचा एक फोटोही त्यात मावणार नाही. तरी घरोघरी एकच यंत्र असायचं आणि भागायचं. त्याआधी, १९७९मध्ये, ॲपल टू कॉम्प्युटरवर व्हिसिकॅल्क हे आकड्यांच्या तक्त्यांचं सॉफ्टवेअर आलं. एक आकडा बदलला की सगळा तक्ता आपोआप बदलायचा, आणि तेवढ्यासाठी हिशेबनीस ते मशीन विकत घ्यायचे. आधी काम, मग यंत्र. तुम्हाला दुसऱ्या कॉम्प्युटरची नाही, भिंतीवर लावायच्या वेळापत्रकाची गरज आहे.

रात्रपाळी
@जुनं_खोड, निम्मं पटलं. पण व्हिसिकॅल्कसमोर कोणी ठीक दहाला तुमची वाट बघत बसलेलं नसायचं. आज काही कामं ठरलेल्या मिनिटालाच होतात: तास, मीटिंग, परीक्षा. ती सरकत नाहीत. प्रकल्प, वाचन, हिशेब सरकतात. कासवराव, आठवडाभर लिहून ठेवा की न सरकणारी कामं एका वेळी जास्तीत जास्त किती येतात. तितके पडदे लागतील, ऑफिसचा धरून. घरात माणसं किती याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. उरलेल्यांना वेळापत्रक.

पेचकस
+१. आणि प्रत्येकाचं वेगळं खातं करा, मुलांना ॲडमिनचे अधिकार देऊ नका. नवं घ्याल ते एका जागी बसूनच वापरणार असाल तर डेस्कटॉप घ्या. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकत्र असल्याने मान सांभाळावी तर हात अवघडतात.

आळशी_कासव
सगळ्यांचे आभार. पाहिलं: फिरती डिस्क, ४ जीबी, आणि रॅम बदलता येते. लिहून काढलं तर न सरकणारी कामं एका वेळी दोनच निघाली. माझी महिनाअखेर मला वाटत होती तेवढी तातडीची नाही, असं बायकोचं म्हणणं.
तर जुना लॅपटॉप दुरुस्त करून, मिंट टाकून मुलांना. हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, म्हणून मला साधा डेस्कटॉप. जुना प्रिंटर मिंटवर चालेल का?

पेचकस
बहुधा चालेल. मॉडेल नंबर टाका. आणि डिस्क बदलण्याआधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा, दोनचार फायली उघडून बघा, मगच पेचकस हातात घ्या.